इन्स्टॉलेशन गोल गोल फिरतंय? आधी रीस्टार्ट मोजा

पेनड्राइव्ह लावायचा, मशिन चालू करायचं आणि पुढच्या मशिनकडे वळायचं. विंडोज टाकतानाच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेल्या ‘ऑटोअनअटेंड’ या उत्तरांच्या फाइलीचं सुख एवढंच, आणि लॅबमध्ये तीस मशिन्स असतील तर ते थोडं नव्हे. पण ही फाइल चुकली की कुणालाही न विचारता तेच तेच करत राहते. शेवटच्या मशिनपाशी पोचून मागे वळून बघावं, तर पहिलं मशिन पुन्हा नव्याने फाइली कॉपी करत बसलेलं असतं.

अशा वेळी बहुतेक जण पेनड्राइव्ह पुन्हा बनवतात, मग आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) पुन्हा उतरवतात, मग रॅम काढून खोडरबरने घासतात. कधीकधी जमतंही. पण ‘सारखं रीस्टार्ट होतंय’ हा एक बिघाड नाही, निदान पाच वेगवेगळे बिघाड बाहेरून तसेच दिसतात. त्यातला कोणता हे ओळखायला एकच गोष्ट बघायची: मशिन कुठपर्यंत जाऊन मागे फिरतं आणि फिरून कुठे येतं.

(खाली फाइलींची आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, आणि शब्दांमध्ये जागा सोडायची नाही.)

दोन रीस्टार्ट हक्काचे

विंडोज १० आणि ११ च्या साध्या, निरोगी इन्स्टॉलेशनमध्येही मशिन साधारण दोनदा रीस्टार्ट होतं. उत्तरांच्या फाइलीत एकूण सात टप्पे असतात, पण पेनड्राइव्हवरून नवं विंडोज टाकताना आपल्याला तिघांशीच गाठ पडते. पहिला विंडोज-पीई. यात डिस्कचे भाग पडतात आणि फाइली उतरतात. हा टप्पा पेनड्राइव्हवरून रॅममध्ये चढलेल्या छोट्या विंडोजमध्ये चालतो. मग पहिला रीस्टार्ट. त्यानंतर मशिन स्वतःच्या डिस्कवरून उठतं आणि ड्रायव्हर बसवत ‘गेटिंग डिव्हाइसेस रेडी’ म्हणतं. याच सुमाराला दुसरा टप्पा, स्पेशलाइज: मशिनचं नाव, प्रॉडक्ट की, डोमेन वगैरे. मग दुसरा रीस्टार्ट, आणि शेवटी ओओबीई, म्हणजे अकाउंट बनणं आणि पहिलं लॉगिन.

तेव्हा एका बिघडलेल्या मशिनसमोर एकदा पूर्ण फेरीभर बसा. तीस मशिन्सवर धावपळ करण्यापेक्षा एका मशिनची पंचवीस मिनिटं स्वस्त पडतात. पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा फाइली कॉपी होऊ लागल्या तर प्रश्न बूटचा आहे. ‘रीस्टार्टेड अनएक्स्पेक्टेडली’ अशी पाटी आली तर स्पेशलाइजचा. नुसता लोगो आणि गोल फिरणारे ठिपके दिसून मशिन पडत असेल तर ड्रायव्हरचा किंवा प्रोसेसरचा. आणि दर वेळी वेगळ्याच जागी पडत असेल तर फाइलीला दोष देऊ नका, हार्डवेअर बघा.

सेटअपने काय केलं याची नोंद, म्हणजे लॉग, तोही टप्प्याप्रमाणे जागा बदलतो. पहिल्या टप्प्यात तो एक्स ड्राइव्हवर विंडोज फोल्डरातल्या पँथर फोल्डरात असतो. एक्स ड्राइव्ह म्हणजे रॅम, त्यामुळे रीस्टार्ट झाला की लॉग गेला. डिस्कचे भाग पडल्यावर तोच लॉग डिस्कवर ‘डॉलर-विंडोज-टिल्ड-बीटी’ या लपलेल्या फोल्डरात, सोर्सेसच्या आत पँथरमध्ये जातो. पुढचे टप्पे सी ड्राइव्हवरच्या विंडोज-पँथरमध्ये, आणि स्पेशलाइज व ओओबीईचा तपशील पँथरच्या आत अनअटेंड-जीसी या फोल्डरात. प्रत्येक ठिकाणी दोन फाइली बघायच्या: सेटअप-ईआरआर आणि सेटअप-अ‍ॅक्ट. पहिलीत फक्त चुका असतात, ती छोटी असते, तिच्यापासून सुरुवात करा. तिच्यातल्या शेवटच्या ओळीची वेळ घ्या आणि त्याच वेळेच्या आसपास सेटअप-अ‍ॅक्टमध्ये काय चाललं होतं ते वाचा. वरच्या दहा-वीस ओळींतल्या चुका अनेकदा निरुपद्रवी असतात. मशिनचा घात शेवटच्या दोन-तीन ओळींत सापडतो.

लॉगपर्यंत जायला शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा, काळी कमांड खिडकी उघडते. लॅपटॉपवर एफएनची कळही सोबत धरावी लागू शकते. खिडकीत नोटपॅड टाइप केलं तर नोटपॅड उघडतं आणि त्याच्या ‘ओपन’ चौकटीतून फाइली पेनड्राइव्हवर कॉपीही करता येतात. खिडकी उघडतच नसेल तर कुणीतरी विंडोज, सेटअप, स्क्रिप्ट्स या फोल्डरात ‘डिसेबल-सीएमडी-रिक्वेस्ट डॉट टॅग’ ही रिकामी फाइल ठेवलेली असू शकते. ती हीच खिडकी बंद करण्यासाठी असते.

पुन्हा पहिल्यापासून कॉपी

सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार हा. फाइली शंभर टक्के उतरतात, मशिन रीस्टार्ट होतं, पुन्हा पेनड्राइव्हवरून उठतं, उत्तरांची फाइल पुन्हा वाचतं. त्यात ‘विल-वाइप-डिस्क’ ट्रू असतं, म्हणून आत्ताच टाकलेलं विंडोज पुसून पुन्हा टाकायला घेतं. कोणतीही चूक नाही, कोणतीही पाटी नाही, सेटअप-ईआरआर जवळपास रिकामी. प्रत्येक फेरी आपापल्या जागी यशस्वीच असते.

डीव्हीडीच्या काळात हे होत नसे, कारण डीव्हीडी सुरू होताना ‘प्रेस एनी की’ विचारायची आणि काही सेकंदांत कळ दाबली नाही तर डिस्ककडे जायची. पहिल्यांदा आपण कळ दाबायचो, दुसऱ्यांदा तिथे कुणी नसायचं. यूईएफआय (मशिन चालू होताच जागं होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, बायॉसची नवी पिढी) असलेल्या मशिनवर पेनड्राइव्हमधून उठताना हा प्रश्न विचारलाच जात नाही. व्हर्च्युअल मशिनसाठी आयएसओ बनवणारे तो प्रश्न मुद्दाम काढून टाकतात, ‘ईएफआय-सिस-नोप्रॉम्प्ट’ ही बूट फाइल वापरून, आणि मग हाच फेरा त्यांच्याकडे व्हर्च्युअल सीडीमुळे सुरू होतो.

यूईएफआयमध्ये सेटअप स्वतः ‘विंडोज बूट मॅनेजर’ची नोंद बूट यादीत सर्वांत वर घालतं. पण काही मदरबोर्डांचं फर्मवेअर यूएसबी लावलेला दिसला की त्यालाच वर आणतं. आणि जुन्या मशिनच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी मेली असेल तर वीज बंद केली की बायॉसची सगळी सेटिंग मूळपदावर येतात. घड्याळात जुनीपुराणी तारीख दिसली तर आधी ती बॅटरी बदला, बाकीचं नंतर.

उपाय साधा आहे. बायॉसमध्ये डिस्क पहिली, यूएसबी दुसरा ठेवायचा. कोरी डिस्क असेल तर तिच्यावर उठण्यासारखं काही नसल्याने पहिल्यांदा मशिन आपोआप यूएसबीकडे जातं आणि रीस्टार्टनंतर डिस्ककडे. आधीचं विंडोज असेल तर एकदाच यूएसबी निवडण्यासाठी बूट मेनू वापरायचा: डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या बोर्डांवर एफ८, गिगाबाइटवर एफ१२, एमएसआय आणि अ‍ॅसरॉकवर एफ११. बायॉसमधला कायमचा क्रम बदलून यूएसबी वर आणणं, हीच ती सवय जिच्यामुळे फेरा सुरू होतो.

पहिल्या रीस्टार्टला पडदा काळा झाला की पेनड्राइव्ह काढून घेतला तरी चालतं. उत्तरांच्या फाइलीची प्रत तोवर पँथर फोल्डरात गेलेली असते आणि पुढचे टप्पे तिथून वाचले जातात. अपवाद एकच: पुढच्या टप्प्यातली एखादी कमांड पेनड्राइव्हवरची स्क्रिप्ट किंवा सॉफ्टवेअर मागत असेल तर ती अडेल.

पण तीस मशिन्सवर काळ्या पडद्याची वाट बघत कोण उभं राहणार? त्यासाठी फाइलीतच पहारा बसवता येतो. डिस्कचे भाग पाडताना विंडोजच्या पार्टिशनला ‘लेबल’ देता येतं. तिथे तुमच्या खेपेचं नाव द्या, समजा लॅब०७. मग विंडोज-पीई टप्प्यात ‘रन-सिंक्रोनस’ कमांड घाला, ती डिस्क पुसण्याच्या आधी चालते. तिने एक बॅच फाइल चालवायची: सीपासून झेडपर्यंत प्रत्येक ड्राइव्हवर ‘व्हॉल’ कमांड, उत्तरात लॅब०७ सापडलं तर पडद्यावर ‘हे मशिन झालेलं आहे, पेनड्राइव्ह काढा’ असं दाखवून ‘पॉज’. संदेश मात्र रोमन अक्षरांत लिहा, त्या काळ्या खिडकीत देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. सेटअप ही कमांड संपेपर्यंत थांबतं, त्यामुळे माणूस येऊन कळ दाबेपर्यंत काही पुसलं जात नाही. पेनड्राइव्हला कोणतं अक्षर मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून बॅच फाइल शोधण्यासाठीही अक्षरांची फेरी कमांडमध्येच घालावी लागते. अर्धवट राहिलेल्या मशिनवरही हा पहारा अडवेल. तिथे कळ दाबून पुढे जायचं. पुढच्या खेपेला लेबल बदलायला विसरू नका.

याच प्रकाराचा एक फसवा भाऊ आहे. पेनड्राइव्ह लेगसी, म्हणजे जुन्या बायॉसच्या, पद्धतीने उठला आणि स्क्रिप्टने डिस्क मात्र यूईएफआयला लागते तशी, जीपीटी पद्धतीने, मांडली. विंडोजचं नेहमीचं सेटअप अशा जोडीला बहुतेक वेळा अडवतं, पण स्वतः डिस्कपार्ट (डिस्कचे भाग पाडणारी कमांड) आणि डिझम (इमेज, म्हणजे विंडोजची गुंडाळलेली प्रत, हाताळणारी कमांड) वापरून इमेज उतरवणाऱ्या स्क्रिप्टला कुणी अडवत नाही. फाइली नीट उतरतात, मशिनला डिस्कवर उठण्यासारखं काही सापडत नाही, ते मुकाट्याने यूएसबीकडे वळतं आणि फेरा सुरू. मशिन कसं उठलंय हे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) दिसतं: एचकेएलएम, सिस्टिम, करंट-कंट्रोल-सेट, कंट्रोल, तिथे ‘पीई-फर्मवेअर-टाइप’. १ असेल तर बायॉस, २ असेल तर यूईएफआय. स्क्रिप्टने हा आकडा वाचून मगच मांडणी निवडावी. यूईएफआयची मांडणी म्हणजे ईएफआय पार्टिशन (४के सेक्टरच्या डिस्कवर किमान २६० एमबी लागतात, मग सगळीकडेच २६० ठेवा), १६ एमबीचं एमएसआर (विंडोजने राखून ठेवलेला भाग), त्यानंतर विंडोज आणि शेवटी रिकव्हरी.

आणि डिस्क क्रमांक ०. एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्ही असतील तर ० म्हणजे एसएसडीच असं कुठेही लिहिलेलं नाही. नमुन्याच्या एका मशिनवर डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट डिस्क’ करून बघितल्याशिवाय पुसायची फाइल लॅबवर सोडणं म्हणजे डोळे मिटून कुऱ्हाड चालवणं.

‘कंप्युटर रीस्टार्टेड अनएक्स्पेक्टेडली’

ही पाटी आली, ओके दाबलं, मशिन रीस्टार्ट झालं, तीच पाटी. अशा दहा फेऱ्या केल्या तरी अकराव्यांदा वेगळं काही होणार नाही. सेटअपने रजिस्ट्रीत ‘काम चालू आहे’ अशी खूण केलेली असते. काम पूर्ण न होता मशिन पुन्हा उठलं की ती खूण बघून सेटअप थांबतं. पाटी म्हणते ‘अनपेक्षित रीस्टार्ट’, पण खरं कारण त्याआधी पहिल्यांदा आलेल्या पाटीत असतं, आणि ती पाहायला तेव्हा कुणी समोर नसतं. ती अशी: ‘अनअटेंड आन्सर फाइलचा स्पेशलाइज टप्पा वाचता किंवा राबवता आला नाही’, आणि चौकटी कंसात घटकाचं नाव, बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट-विंडोज-शेल-सेटअप.

शेल-सेटअप दिसलं की पहिला संशय मशिनच्या नावावर. नावाला १५ अक्षरांची मर्यादा आहे. कॉलेजचं संक्षिप्त नाव, मग इमारत, मग लॅब, मग क्रमांक असं जोडत गेलं की सोळावं अक्षर कधी आलं ते कळत नाही. त्यातही १ ते ९ या क्रमांकांना आधी शून्य न लावता नावं दिलेली असतील तर पहिली नऊ मशिन्स सुरळीत होतात आणि दहाव्यापासून पुढची सगळी फेऱ्यात अडकतात, कारण तिथे एक अंक वाढतो. ‘काही मशिन्सवर चालतं, काहींवर नाही’ असं कुणी म्हणालं की आधी नावाची अक्षरं मोजा. नावात जागा चालत नाही, नुसते आकडेही चालत नाहीत. नावाच्या जागी तारका दिली तर विंडोज स्वतःच नाव तयार करतं. खात्री करण्यासाठी एका मशिनवर तारका लावून बघा: फेरा थांबला तर चोर सापडला.

दुसरा संशय प्रॉडक्ट की. उतरवलेली आवृत्ती आणि की यांची जात एकच हवी. आपल्याकडच्या असंख्य लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ येतं आणि त्याची की मदरबोर्डमध्येच असते. फाइलीत आवृत्ती सांगितली नसेल तर सेटअप तीच की उचलतं, होम सिंगल लँग्वेज टाकतं, आणि पुढे स्पेशलाइजमध्ये तुमची प्रोची की त्याच्या घशात अडकते. म्हणून पहिल्या टप्प्यातच की किंवा इमेजचा क्रमांक स्पष्ट द्या. स्पेशलाइजमधली की शक्यतो काढूनच टाका, अ‍ॅक्टिव्हेशन नंतर करता येतं.

तिसरं कारण फाइलीत नसतंच. स्पेशलाइज चालू असताना वीज गेली तरी पाटी हीच येते. यूपीएसच्या बॅटऱ्या थकलेल्या लॅबमध्ये एका रांगेतली सगळी मशिन्स एकदम ही पाटी दाखवू लागली तर फाइल उघडण्याआधी त्या रांगेचा यूपीएस बघा.

चौथं कारण ज्यांनी तयार इमेज काढून वापरली त्यांच्यासाठी. नमुना मशिनच्या पँथर फोल्डरात जुनी उत्तरांची फाइल राहिलेली असते. विंडोज ही फाइल ठरलेल्या क्रमाने शोधतं, आणि पँथर फोल्डर पेनड्राइव्हच्या आधी येतो. तुम्ही पेनड्राइव्हवरची फाइल दहादा सुधारता आणि मशिन जुनीच वाचत राहतं. सिसप्रेप (इमेज काढण्याआधी नमुना मशिन तयार करणारं विंडोजचं साधन) चालवताना ‘अनअटेंड’ पर्याय देऊन नवी फाइल स्पष्टपणे दाखवा म्हणजे हा घोळ होत नाही.

इंटरनेटवर या पाटीसाठी एक नुस्खा फार फिरतो: शिफ्ट-एफ१०, रेजएडिट, मग एचकेएलएम, सिस्टिम, सेटअप, स्टेटस, चाइल्ड-कंप्लीशन, तिथे ‘सेटअप डॉट ईएक्सई’ची किंमत १ वरून ३ करा, रीस्टार्ट करा. चालतं. ३ म्हणजे ‘हे काम झालं’, म्हणून सेटअप पुढे जातं. पण काम झालेलं नसतं, आपण फक्त तसं लिहिलेलं असतं. स्पेशलाइजची कुठली सेटिंग लागली आणि कुठली राहिली हे मग कुणालाच ठाऊक नसतं. घरच्या एका मशिनवर अडलेला डेटा काढायचा असेल तर ठीक. लॅबसाठी नाही. फाइल दुरुस्त करा आणि नव्याने टाका.

अगदी सुरुवातीलाच, डिस्कला हात लागण्याआधी ‘आन्सर फाइल अवैध आहे’ अशी पाटी येऊन रीस्टार्ट होत असेल तर एक्सएमएलच मोडलेलं आहे. आपल्याकडे याचं एक ठरलेलं कारण आहे: संस्थेच्या नावातलं ‘&’. ‘आर्ट्स, कॉमर्स & सायन्स’ असं जसंच्या तसं लिहिलं की एक्सएमएल तिथेच तुटतं. त्या चिन्हाच्या लगेच पुढे रोमन लिपीत ए, एम, पी ही तीन छोटी अक्षरं आणि अर्धविराम द्यावा लागतो, किंवा सरळ ‘अँड’ लिहा. नाव देवनागरीत देणार असाल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. जुन्या नोटपॅडने ती अ‍ॅन्सीमध्ये साठवली तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ घेतं. मोडलेलं एक्सएमएल ओळखायला फाइल ब्राउझरमध्ये उघडली तरी पुरतं, चुकीची ओळ तो क्रमांकासह दाखवतो. सेटिंग बरोबर आहेत का हे बघायला विंडोज सिस्टिम इमेज मॅनेजरच्या टूल्स मेनूमधलं ‘व्हॅलिडेट’ वापरा. एक चूक मात्र गप्प राहते. घटकाचं ‘प्रोसेसर आर्किटेक्चर’ एएमडी६४च्या जागी एक्स८६ असेल तर ६४ बिट विंडोज तो भाग पाटी न दाखवता वगळून टाकतं.

स्वतःच्याच कमांडी

वरची पाटी आणखी एका रस्त्याने येते. स्पेशलाइजमध्ये कुणीतरी ड्रायव्हरचा किंवा अँटिव्हायरसचा इन्स्टॉलर चालवलेला असतो आणि तो आपलं काम झाल्यावर स्वतःच मशिन रीस्टार्ट करतो. सेटअपच्या लेखी हा अनपेक्षित रीस्टार्टच. इन्स्टॉलर ‘डॉट एमएसआय’ प्रकारची फाइल असेल तर ‘नो-रीस्टार्ट’ आणि ‘क्यूएन’ हे दोन्ही पर्याय द्या. इन्स्टॉलरचा परतीचा आकडा ३०१० असेल तर ‘झालं, पण रीस्टार्ट लागेल’. १६४१ असेल तर त्याने रीस्टार्ट सुरूसुद्धा केलेला आहे. दुसरा आकडा लॉगमध्ये दिसला की गुन्हेगार हाच.

‘विल-रीबूट’ या सेटिंगचं तर आणखी खास. तिथे ‘ऑन-रिक्वेस्ट’ लिहिलं असेल तर सेटअप कमांडच्या परतीच्या आकड्यावरून ठरवतं. ० म्हणजे झालं. १ म्हणजे झालं, रीस्टार्ट हवा. २ म्हणजे आत्ता रीस्टार्ट कर आणि उठल्यावर मला पुन्हा चालव. आता गंमत बघा, विंडोजमध्ये ‘फाइल सापडली नाही’ या चुकीचा क्रमांकही २ च आहे. पेनड्राइव्ह काढलेला, स्क्रिप्ट सापडत नाही, एखादा प्रोग्रॅम २ परत करतो, सेटअप आज्ञाधारकपणे रीस्टार्ट करतं, पुन्हा तीच कमांड, पुन्हा २. म्हणून कोणताही इन्स्टॉलर थेट बोलावू नका. त्याच्याभोवती बॅच फाइल गुंडाळा, ३०१० आल्यास १ आणि बाकी वेळी ० परत करा, आणि मूळ आकडा एका मजकूर फाइलीत तारीख-वेळेसह लिहून ठेवा. रीस्टार्टची गरज नसेल तर ‘नेव्हर’ लिहून मोकळे व्हा.

सेटअप-कम्प्लीट डॉट सीएमडी या फाइलीत शटडाउन कमांड कधीच घालू नका. ही फाइल पहिल्या लॉगिनच्या आधी चालते आणि तिथून रीस्टार्ट केल्यास सिस्टिम अर्धवट अवस्थेत अडकते, उरलेल्या ओळी नंतर चालतील असंही नाही. शिवाय ओईएम की (मशिनसोबत आलेली) वापरली असेल तर होम आणि प्रोवर ही फाइल चालतच नाही. रीस्टार्ट हवाच असेल तर ‘फर्स्ट-लॉगॉन-कमांड्स’मध्ये, अगदी शेवटच्या क्रमांकावर, ६० सेकंदांची मुदत देऊन.

लोगोवरच पडतंय

फाइली उतरल्या, डिस्कवरून उठलं, लोगो आला, ठिपके दोन फेऱ्या फिरले आणि पुन्हा रीस्टार्ट. मध्ये क्षणभर निळा पडदा येऊन जातो, तो वाचता येत नाही. मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि थांबवून कोड वाचा, याहून सोपा मार्ग नाही. ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, कोड ७बी, असेल तर विंडोजला स्वतःची डिस्कच दिसत नाहीये. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच मशिन्सवर व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. कुणी तो फक्त बूट डॉट विममध्ये, म्हणजे सेटअप चालवणाऱ्या छोट्या विंडोजच्या फाइलीत, घातलेला असतो. मग सेटअपला डिस्क दिसते, फाइली उतरतात, पण उतरलेल्या विंडोजकडे ड्रायव्हर नसतो. बूट डॉट विमचा दुसरा इंडेक्स आणि इन्स्टॉल डॉट विममधली (डिस्कवर उतरणाऱ्या विंडोजच्या फाइलीतली) वापरायची आवृत्ती, दोन्हीकडे डिझमने घाला. त्याहून कमी कष्टाचं म्हणजे पेनड्राइव्हच्या मुळाशी ‘डॉलर-विनपीई-ड्रायव्हर-डॉलर’ नावाचा फोल्डर करून त्यात आयएनएफसकट उघडा केलेला ड्रायव्हर ठेवा, सेटअप तो आपणहून उचलतं. ड्रायव्हरचा ईएक्सई तसाच ठेवून उपयोग नाही. बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करणं हाही मार्ग आहे, पण इन्स्टॉलेशनच्या आधी. साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड मध्येच बदलला तरी हाच कोड येतो, आणि इथे पुन्हा ती मेलेली सीआर२०३२ आठवा.

निळा पडदा न दिसताच लोगोवर अडत असेल आणि मशिन जुनं असेल तर प्रोसेसर बघा. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून तपासण्या चुकवून जुन्या मशिन्सवर ११ टाकण्याचा सपाटा चाललाय. पण विंडोज ११च्या २४एच२ला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही आज्ञा लागतेच. कोअर २ ड्युओ आणि कोअर २ क्वाडमध्ये ती नाही. टीपीएम या सुरक्षा चिपची तपासणी रजिस्ट्रीतून चुकवता येते, नसलेली आज्ञा प्रोसेसरमध्ये घालता येत नाही. अशा मशिनवर वेळ घालवू नका.

दर वेळी वेगळी टक्केवारी

एकदा २३ टक्क्यांवर, एकदा ७१वर, एकदा लोगोवर: हे रॅम, उष्णता किंवा पॉवर सप्लाय. आता खोडरबर काढायला हरकत नाही. एकच रॅमची पट्टी ठेवून बघा, मग दुसरी. मेमटेस्ट८६च्या मोफत आवृत्तीच्या चारही फेऱ्या रात्रभर चालू द्या. एक जरी चूक दिसली तरी पट्टी बाद. दर वेळी त्याच टक्क्यावर अडत असेल तर मात्र पेनड्राइव्ह किंवा आयएसओ. ‘सर्टयुटिल’ने आयएसओचा शा-२५६ (फाइलीच्या ठशाचा आकडा) काढून मूळ आकड्याशी जुळवा. इन्स्टॉल डॉट विम ४ जीबीच्या वर असेल तर ती फॅट३२ पेनड्राइव्हवर मावत नाही. डिझमने तिचे एसडब्ल्यूएम तुकडे करून ठेवावे लागतात.

लिनक्सवाल्यांसाठी थोडं

पेनड्राइव्हऐवजी नेटवर्कवरून उठवत असाल तर पहिला फेरा तिथेही जसाच्या तसा भेटतो, फक्त पेनड्राइव्ह काढून घेण्याची सोय नसते. नेटवर्क बूट पहिला आणि सर्व्हर प्रत्येक वेळी इन्स्टॉलरच पाठवतो. कॉब्लर या नेटवर्कवरून इन्स्टॉलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘पीएक्सई-जस्ट-वन्स’ ही सेटिंग आहे. इन्स्टॉलेशन संपलं की त्या मशिनसाठी नेटवर्क बूट बंद होतो आणि ते डिस्कवरून उठतं. उबंटूचा ऑटोइन्स्टॉल मुळात डिस्क पुसण्याआधी ‘पुढे जाऊ का?’ विचारतो. कर्नलच्या ओळीत ‘ऑटोइन्स्टॉल’ हा शब्द घातला की विचारणं बंद होतं, आणि फेऱ्याची तक्रार करणारे बहुतेक जण तो शब्द स्वतःच घालून बसलेले असतात. तो राहू द्यायचा असेल तर फाइलीत ‘शटडाउन’पुढे ‘पॉवरऑफ’ लिहा. काम झाल्यावर मशिन रीस्टार्ट न होता बंद होतं, आणि लॅबमध्ये शिरल्या शिरल्या बंद दिवे मोजून किती झाली ते कळतं.